पावती नाही, तर पैसाही नाही!

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आमच्या परिचयाचे एक गुरुजी मोटार घ्यायला गेले. घराण्यातली पहिली मोटार! ज्यांच्या वडिलांनी उभे आयुष्य दुसऱ्याच्या बैलगाडीमागून पायी चालत काढले, त्या घराच्या अंगणात मोटार येणार होती. सून, नातवंडे, दोन्ही लेकी असा सारा परिवार शोरूममध्ये जमला होता. हार आणि पेढे तयार होते. जाहिरातीत गाडीची किंमत होती ७ लाख रुपये. गुरुजींच्या हाती जो कागद पडला त्यावर आकडा होता ८ लाख ७८ हजार ५०० रुपये! आरटीओ ९३ हजार, विमा ४२ हजार, अॅक्सेसरीज १५ हजार, वाढीव वॉरंटी १४ हजार, कोटिंग ६ हजार आणि 'हँडलिंग चार्जेस' साडेआठ हजार. गुरुजींनी दबक्या आवाजात विचारले, "हे हँडलिंग म्हणजे काय?" टाय लावलेला तरुण हसून म्हणाला, "सर, ते सगळ्यांनाच भरावे लागते." गुरुजींनी सही केली. पुढे महिनाभराने ते आम्हाला म्हणाले, "विचारायची लाज वाटली हो!"

तीस वर्षे मुलांना हिशेब शिकवलेल्या माणसाला एका कोटेशनचा हिशेब विचारायची लाज वाटली. आमच्या मते या साऱ्या लुटीचे मूळ इथे आहे. डीलर अडाण्याला लुटतो हा समज खरा नाही. तो लाजणाऱ्याला लुटतो. वातानुकूलित दालन, चकचकीत फरशी, आणून दिलेली कॉफी, सोबत आनंदात असलेली लेकरे, अशा वेळी साडेआठ हजारांसाठी वाद घातला तर आपण दरिद्री ठरू, 'ऐपत नव्हती तर आलात कशाला' असे कोणी म्हणेल, ही भीती माणसाचे तोंड बंद करते. आणि ही भीती काय किंमतीची आहे हे शोरूमवाल्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

ही लाज आपल्यात कुठून आली तेही एकदा डोळसपणे पाहिले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांना दुकानाच्या पायरीवर चढता येत नव्हते. पैसे लांबून ठेवायचे, दुकानदार वरून माल टाकील तो पदरात झेलायचा. माप बरोबर आहे का, भाव कोणता लावला, हे विचारण्याची सोयच नव्हती. विचारले तर माल तर मिळत नसेच, वर शिव्या मिळत. त्या पायरीवरून काचेच्या दारातून आत, गुबगुबीत खुर्चीपर्यंत आपण आलो ते कोणाच्या मेहेरबानीने आलो नाही. मग खुर्चीत बसल्यावर तोंड का शिवावे? आता जो हिशेब विचारत नाही तो, पैसे कितीही मोजो, अजून पायरीखालीच उभा आहे असे समजावे. अर्थात ही लूट जात पाहून होत नाही. काउंटरवर येणारा प्रत्येक जण तिचा धनी आहे. पण ज्याच्या घरी वाहन घेण्याचा अनुभव नाही, ज्याला 'मी सांगतो, असे कर' म्हणणारा काका-मामा नाही, त्या पहिल्या पिढीच्या ग्राहकाला तिचा फटका जास्त बसतो, हे कोणी नाकारू शकेल काय?

आता तो कागद पुढ्यात घेऊन एकेक ओळ तपासू या.

पहिली ओळ आरटीओची. हा सरकारचा पैसा, म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. आणि म्हणूनच तिच्या पोटात बरेच काही दडवले जाते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला, किंमत १० लाखांपर्यंत असेल तर, ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे. ७ लाखांवर तो ७७ हजार रुपये होतो. हलक्या खासगी वाहनाची नोंदणी फी ६०० रुपये. कर्ज काढले असेल तर त्या बोज्याच्या नोंदीचे १,५००. स्मार्ट कार्डाचे २००. बेरीज झाली ७९ हजार ३०० रुपये. त्यावर किरकोळ उपकर, टपालखर्च धरला तरी आकडा ८१ हजारांच्या आसपास थांबतो. गुरुजींच्या कागदावर मात्र ९३ हजार! हे वरचे १२ हजार कोणत्या सरकारने मागितले? सरकारने मागितले असते तर सरकारची पावती असती. वाहनाचा कर आणि फी संगणकावर भरली जाते आणि त्याची पावती वाहनमालकाच्या नावाने निघते. ती पावती मागा. पावतीवर जेवढे असेल तेवढेच 'आरटीओ'च्या नावाखाली देय आहे. बाकीची रक्कम एजंटाची, 'फाइल'ची, चहापाण्याची असेल, तर ती सरकारच्या नावावर खपवण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरी ओळ विम्याची. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. एक, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा, ज्याला सर्व जण थर्ड पार्टी म्हणतात. तो कायद्याने सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी तो सारखाच. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. इथे प्रत्येक कंपनीचा भाव वेगळा, सूट वेगळी. त्याच गाडीचा, तेवढ्याच रकमेचा, तेच संरक्षण देणारा विमा बाहेर हजारो रुपयांनी स्वस्त मिळू शकतो. डीलर सांगतो, "बाहेरचा विमा घेतला तर क्लेमच्या वेळी आम्ही जबाबदार नाही." ही निव्वळ धमकी आहे! क्लेम विमा कंपनी देते, डीलर देत नाही. वर्कशॉप त्या कंपनीच्या यादीत आहे की नाही एवढे पाहिले म्हणजे झाले. विमा नियामक प्राधिकरणाने वाहनविक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यानुसार विमा कोणाकडून घ्यायचा हे ग्राहक ठरवील, डीलर सक्ती करू शकत नाही. ही गोष्ट शोरूमच्या भिंतीवर लिहिलेली कधी दिसली आहे?

तिसरी ओळ अॅक्सेसरीज, कोटिंग आणि वाढीव वॉरंटीची. पायपुसणी, सीटकव्हर, मडफ्लॅप यांचा 'पॅक' आधीच गाडीत बसवून ठेवायचा आणि म्हणायचे, "आता काढता येणार नाही." तो तुम्ही मागितला होता काय? नसेल, तर तो काढण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची. वाढीव वॉरंटी वाईट असतेच असे नाही. ज्याला ती हवी त्याने जरूर घ्यावी. पण मूळ वॉरंटी किमतीतच असते आणि ती संपण्याआधी वाढीव वॉरंटी घेण्याची सोय बहुतेक कंपन्या ठेवतात. मग पहिल्याच दिवशी, विचारल्याशिवाय, कागदावर ती चढवण्याची घाई कशासाठी?

आणि चौथी ओळ त्या प्रसिद्ध हँडलिंगची. कुठे तिला लॉजिस्टिक म्हणतात, कुठे डेपो चार्ज, कुठे सर्व्हिस चार्ज. नावे अनेक, खिसा एकच! विचारले तर सांगतात, गोदामातून गाडी शोरूमला आणण्याचा, धुण्यापुसण्याचा आणि कागदपत्रांचा खर्च. अहो, मग एक्स-शोरूम किंमत कशाची घेतली? 'शोरूममध्ये उभी असलेली गाडी' असाच तिचा अर्थ ना? किराणा दुकानदाराने साखरेच्या भावाशिवाय पोते गाडीतून उतरवल्याची हमाली वेगळी मागितली तर आपण देऊ काय? एकाहून अधिक राज्यांच्या परिवहन खात्यांनी ही वसुली बेकायदा असल्याचे डीलरांना बजावले आहे. ग्राहक मंचांनी आणि आयोगांनी ती रक्कम नुकसानभरपाईसह परत करायला लावली आहे. तरी ती चालू आहे. कारण साधे आहे. शंभरातले बहुसंख्य भरतात, एखादा भांडतो. भांडणाऱ्याला हळूच बाजूला घेऊन "तुमच्यासाठी माफ केले" म्हटले की काम भागते. जो आकार एका माणसाला माफ होतो तो कायदेशीर कसा असेल?

डीलरांचीही एक बाजू आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कंपनी त्यांना प्रत्येक गाडीमागे मर्यादित नफा देते. शोरूमचे भाडे, पगार, पडून असलेल्या गाड्यांवरचे व्याज त्यांनाच सोसावे लागते. सूट किती द्यायची यावरही त्यांचे हात बांधलेले असू शकतात. डीलरांनी ठरलेल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून निर्बंध घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये देशातील सर्वात मोठ्या मोटार कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. तेव्हा गाडीच्या किमतीत जे सुटत नाही ते विम्याच्या मोबदल्यातून, कर्जाच्या दलालीतून आणि अशा आकारांतून काढायचे, असे हे गणित आहे. पण कंपनी आणि डीलर यांच्यातला नफ्याचा झगडा ग्राहकाच्या खिशातून का मिटवायचा? डीलरला नफा कमी पडत असेल तर त्याने कंपनीशी भांडावे. गुरुजींच्या भविष्यनिर्वाह निधीवर डोळा ठेवू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणला गेला. किमती उतरल्या, याचे ढोल पिटले गेले. चांगलेच झाले. पण सरकारी काउंटरवर सुटलेले पैसे शोरूमच्या काउंटरवर 'पॅक'च्या नावाने पुन्हा काढून घेतले जात असतील तर गरिबाच्या पदरात पडले काय? कर कमी झाल्याचा लाभ तपासायचा असेल तर एक्स-शोरूम किमतीवर थांबू नये. शेवटची बेरीज पाहावी.

कर्जाचा कागद आणखी निसरडा आहे. "फक्त ७ टक्के फ्लॅट" असे सांगितले जाते. १ लाखावर ५ वर्षांत ३५ हजार व्याज, म्हणजे महिना २,२५० रुपये हप्ता. ऐकायला गोड. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवरच मोजले गेले, हे कोणी सांगत नाही. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांत बँकेने आणि वित्त कंपनीने ग्राहकाला मुख्य तथ्य विवरणपत्र द्यायचे आहे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक खरा दर किती पडतो ते लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी तो कागद हातात घ्या. शोरूमच्या टेबलावरचे कर्ज घेण्याआधी आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेतही एक चक्कर मारा.

हा प्रश्न केवळ हौसेने मोटार घेणाऱ्याचा असता तर आम्ही एवढी जागा खर्ची घातली नसती. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी घेऊन पोट भरू पाहणाऱ्या तरुणाचा हा प्रश्न आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळासारख्या संस्थेकडे कर्जाचा अर्ज करायचा तर डीलरचे कोटेशन जोडावे लागते. त्या कोटेशनमध्ये फुगवलेली प्रत्येक ओळ पुढे व्याजासह फेडायची असते. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर व उपसाधने ९० टक्के अनुदानावर मिळतात. योजनेत त्यासाठी साडेतीन लाखांची कमाल मर्यादा घातलेली होती. कोटेशन मालाच्या भावावर बेतले आहे की अनुदानाच्या मर्यादेवर, हे गटाने स्वतः बाजारात दोन ठिकाणी विचारून पाहिलेच पाहिजे. अनुदान सरकारचे, आपले काय जाते, हा विचार घातक आहे. तो पैसा समाजाच्या वाट्याचा आहे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे, ही या कायद्याच्या व्याख्येत 'निर्बंधित व्यापार प्रथा' आहे. 'विमा आमचाच, अॅक्सेसरीज घेतल्या तरच गाडी' ही अट त्या व्याख्येत बसते. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. आणि रिक्षा-टेम्पोवाल्यांनी एक गोष्ट काळजावर कोरून ठेवावी. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू या कायद्यातून वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे!

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. डीलर पुण्याचा आणि तुम्ही हिंगोलीचे असाल तर हिंगोलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ज्या व्यवहारात ५ लाखांपर्यंत रक्कम मोजली त्याला फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४००. वकील लावण्याची सक्ती नाही, स्वतः उभे राहता येते. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच शोरूमची भाषा बदलते. निकाल झटपट लागतो असे आम्ही म्हणणार नाही. तारखा पडतात, चपला झिजतात. म्हणूनच भांडण सहीनंतर करण्यापेक्षा सहीआधी करणे शहाणपणाचे.

ते कसे करायचे? बुकिंगचा एक रुपयाही देण्याआधी प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारे कोटेशन शिक्क्यासह लेखी घ्या. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हे मागितले कोणी? हे पैसे जाणार कोणाकडे? याची पावती कोण देणार? या तिन्हींचे उत्तर नसेल त्या ओळीवर पेनाने रेघ मारा. रोख देऊ नका, पैसे फर्मच्या खात्यातच भरा. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो खराच असतो, पण आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून त्याचा दाखला मागून घ्या. गाडी अडकली, मुहूर्त टळतो, म्हणून नाइलाजाने बेकायदा आकार भरावाच लागला, तर 'हरकत नोंदवून भरत आहे' असे बिलावर लिहा आणि दुसऱ्याच दिवशी डीलर व कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, एक प्रत आरटीओला. मुहूर्त ही डीलरची मोठी काठी आहे. तुम्हाला आजच गाडी हवी हे त्याला कळले की तुमचे बळ संपले. उठून चालू लागण्याची तयारी असलेल्या ग्राहकासारखा बलवान ग्राहक नाही.

आणि एकटे जाऊ नका. वसाहतीत, कर्मचारी संघटनेत, विहारात आठवड्याला एक बैठक होते ना? त्यात कोणी वाहन घेणार असेल तर त्याचे कोटेशन सर्वांसमोर वाचा. ज्याने गेल्या वर्षी गाडी घेतली त्याने आपले बिल आणावे. दोन कागद शेजारी ठेवले की लूट आपोआप उघडी पडते. पाच जणांनी मिळून एकाच शोरूमला भाव विचारला तर हँडलिंग नावाचे भूत क्षणात पळून जाते, असा आमचा अनुभव आहे. संघटित होण्याची शिकवण मोर्चापुरती नसते. ती काउंटरवरही कामाला येते.

गुरुजींनी परवा आम्हाला पत्र दाखवले. सुवाच्य, वळणदार अक्षरात लिहिलेले, शेवटी एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी. आरटीओची पावती मागणारे आणि साडेआठ हजार परत मागणारे. उत्तर यायचे आहे. पैसे येतील की नाही ते आम्ही आज सांगू शकत नाही. पण पत्र टपालात टाकून परत आलेले गुरुजी म्हणाले, "आता त्या शोरूमवरून जाताना मान खाली जात नाही." साडेआठ हजारांपेक्षा ही कमाई मोठी आहे.